तिसरा कप्पा

किनवटच्या बाजारात, गोकुंद्याकडे वळायच्या आधी,
चार बांबूंवर माझी ताडपत्री.
पिराजी येलमेवाड आला, फॉरेस्टचा गार्ड,
कमरेचा पट्टा सोडून पाटावर म्यान ठेवलं.
काळं, नायलॉनचं, कुरिअरनं आलेलं.
सागाच्या खुंटात अडकून शिवण उसवली होती,
बाकी नवंकोरं.

सुरी उपसून मी बाजूला ठेवली.
सुरीचं मला काय, माझी रापी तिच्याहून जुनी
आणि तिच्याहून शहाणी.
म्यान मात्र उलटंपालटं करून पाहिलं.
एका अंगाला कप्पा, त्यात करंगळीएवढी काळी कांडी.
"घासली की ठिणग्या पडतात, मामा. भर पावसात."
पाठीवरच्या कप्प्यात नखाएवढा दगड.
"धार लावायला."
म्हटलं, मग तू कशाला हिंडतोस,
ह्यालाच पाठव की जंगलात.
तो हसला नाही.

चैत्रात ह्याचं काम आग विझवायचं.
फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटवतात,
वारा फिरला की डोंगर धुमसतो,
हा हिरव्या डहाळ्यांनी जाळ झोडपत पळतो,
वर्षातून एकदा भुवया नव्यानं उगवतात ह्याला.
आणि ह्याच्याच कमरेला आगीचं बी.
कशाला रे बाबा हे?

तेव्हा बोलला.
भादव्यात दोन नाले एकदम चढले,
मधल्या उंचवट्यावर हा अडकला,
आणि बांबूचे कोंब काढायला गेलेली जैतूबाई मडावी.
अंधार पडला. दात वाजायला लागले.
ह्यानं कांडी काढली, सुरीच्या पाठीनं घासली,
घासली, घासली.
ठिणगी पडायची, चिखलात चर्र व्हायची.
म्हातारी बराच वेळ नुसती बघत होती.
मग म्हणाली,
"ठिणगी आणलीस पोरा,
तिला बसायला काय आणलंस?"

तिच्या ओच्यातून निघाली भोपळ्याची चिमुकली कुपी,
तोंडाला मेणाचं बूच,
आत शेवरीचा कापूस, राखेत मळलेला.
तिची गारगोटी नाल्यानं नेली होती.
कांडी ह्याची, कापूस तिचा,
कपारीतली चार कोरडी काटकं दोघांची.
उजाडेपर्यंत बसले.
तिनं कोंब भाजून दिला.
"कडू होता," पिराजी म्हणाला, "सगळा खाल्ला."

"तर मामा, अजून एक कप्पा शिवा."

उसवलेलं आधी शिवलं.
मग आतून शेळीचं पातळ, बाहेरून म्हशीचं,
दुहेरी टाका, दोऱ्याला मेण, टाक्याला मेण,
झाकणाची जीभ दोन बोटं लांब.
ज्यानं हे म्यान कारखान्यात आखलं
त्याला नाल्याकाठी रात्रभर कुणी बसवलं नसणार,
त्याची तरी काय चूक.
कातडं भिजवायच्या पाटीत कप्पा बुडवून ठेवला,
एक बिडी संपेपर्यंत.
बोट घालून पाहिलं.
कोरडा.

मधल्या वेळात उगीच ती कांडी घासून पाहिली.
कतरणींवर ठिणग्या सांडल्या,
चामडं कुठलं पेट घेतंय,
नुसता जळकट वास सुटला
आणि शेजारची बांगड्यावाली ओरडली.

आता प्रश्न कापसाचा.
शेवरी फुटते वैशाखात, आणि हा आश्विन.
पिराजी म्हणाला, मेडिकलमधून आणतो.
म्हटलं, जखमेचा कापूस जखमेलाच राहू दे.
घरी जाऊन उशीचा कोपरा उसवला,
दोन मुठी काढल्या, पुन्हा टाका मारला,
चुलीतली राख चोळून कप्प्यात दाबून भरल्या.

"किती झाले?"
कप्प्याचे साठ, शिवणीचे वीस.
"आणि कापसाचे?"
ते जैतूबाईला विचार.

रात्री उशी जरा बसकी लागली.
मान अवघडली.
पैनगंगेच्या अंगानं विजा होत होत्या,
आवाज नसलेल्या,
मी कूस बदलत मोजत पडलो,
अकरापर्यंत आठवतंय.