चार थेंब

किनांगोपच्या पठारावर हिचं नाव सुकुमा विकी,
म्हणजे आठवडा ढकल.
पैसे संपले की ही हिरवी पानं बारीक चिरायची,
कांदा, जमलाच तर एक टोमॅटो, शेजारी उगालीचा गोळा,
आणि बुधवार ढकलून द्यायचा
शुक्रवारच्या अंगावर.

मी नैरोबीत, प्रयोगशाळेत.
दिवसभर पानं वाटते, गाळते,
ब्युरेटमधून निळा रंग सोडते
एकेक थेंब.
पानातलं क जीवनसत्त्व तो रंग पिऊन टाकतं.
जितकं पिईल तितका कस.
मग एक थेंब येतो, गुलाबी,
तो पंधरा मोजेपर्यंत जात नाही.
तिथे हात थांबवायचा. वहीत आकडा.

आई शनिवारच्या मटाटूने दोन जुड्या पाठवते.
एक रबराने बांधलेली, एक गवताच्या काडीने.
रबराची बाजारातली: दर पाच दिवसांनी फवारा,
पाठीवर पंप, तोंडाला ओढणी,
पान असं गुळगुळीत की हात घसरावा.
काडीची घरची. भांडी विसळलेल्या पाण्यावर वाढलेली,
अळ्यांनी चाळण केलेली.

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत,
कुणाला न विचारता मी दोन्ही वाटल्या.
काडीची जुडी चार थेंब जास्त प्यायली.

डॉक्टर किप्रोनोंनी चष्मा कपाळावर नेला.
वाफा वेगळा, पाणी वेगळं,
तोडल्यापासूनचे तास वेगळे,
चार थेंबांवर फवाऱ्याला फाशी देणार का, वाइरुरी?
बरोबर होतं त्यांचं.
त्यांच्या जागी मीही हेच बोलले असते.

आईला फोनवर सांगितलं तर हसली.
"त्याला काचेची नळी लागली होय तुला?
रबराची जुडी शिजते तेव्हा घराला कळतसुद्धा नाही.
ज्याच्यासाठी दुसरंच कुणी भांडतं
ते पान कशाला शिकेल कडू व्हायला?"

मग विकतेस का?

पलीकडे कोंबड्या. बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
"भोकाचं पान कोण घेतं, बाई.
गिऱ्हाईक उजेडावर धरून बघतं."

खालच्या मजल्यावरची म्बिथे तशीच बघते.
रोज संध्याकाळी दहा शिलिंगांची जुडी,
जिन्यातल्या दिव्यासमोर एकेक पान,
कुठे टाचणीएवढंही छिद्र नाही,
म्हणजे आजचा दिवस फसला नाही.
तिचा मुटुकू पायरीवर बसून देठ चावतो,
समोरचे दोन दात नुकतेच पडलेले.

त्या शनिवारी मी काडीची जुडी तिच्या हातात दिली.
घरची आहे, म्हटलं. आईने लावलेली.
तिने पानाच्या भोकांतून माझ्याकडे पाहिलं,
मग पिशवीत ठेवली, सावकाश,
जसं कुणाचं जुनं कापड घेतात.
थेंबांचं काय सांगणार होते मी तिला?
ती रोज घेते त्या जुडीत काय नाही,
हे सांगायला माझ्याकडे एक दुपार होती
आणि एक न सुटलेला आकडा.

रात्री मुटुकू वाटी घेऊन वर आला.
आईने दिलंय, म्हणाला, गरम आहे.
खालून म्बिथेचा आवाज, जरा अभिमानाचा:
"किडकं सगळं काढून टाकलंय हं!"

वाटीत कांदा होता,
आणि जाड शिरांच्या हिरव्या काड्या.
भोकांच्या भोवतीचं
सगळं पान तिने कापून टाकलं होतं.