एकोणीस सेकंद

मक्याच्या पिठाच्या गोणीत सापडल्या:
अकरा मोठ्या तबकड्या, तीन लहान,
आणि एक कव्हर, आत काहीच नाही.
'नाइट शिफ्ट कोब्राज'च्या कव्हरवर
वाळवीनं गायकाचा चेहरा खाल्लाय,
गिटार तेवढी शिल्लक ठेवलीय.
वाळवीलाही थोडं कळत असावं.

मी कासोंदे. बत्तीस वर्षं किट्वेच्या तांब्याच्या खाणीत
इलेक्ट्रिशियन.
डावा कान खाणीला दिला,
उजवा अजून माझा आहे.
आणि गिटार नेमकी डाव्या स्पीकरमध्ये.
मग काय, वायरी उलट्या जोडल्या.
इतक्या वर्षांची विद्या
एवढ्या एका कामाला आली तरी पुरे.

सुई जावयानं आणली, न्डोलाहून.
म्हणाला, बाबा, फोनवर सगळं मिळतं की.
मिळतं.
फोनवर तो 'खट्' मिळत नाही
दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी,
जिथे मुतालेनं नाचता नाचता
टेबलाला कंबर धडकवली होती.
साल चौऱ्याहत्तर, पगाराचा शनिवार,
सगळे त्याच्या अंगावर धावून गेलो होतो.
आता 'खट्' जवळ आला
की मी श्वास धरतो.
चुकून सुई अलगद पुढे गेली तर?

एक सांगतो, चारचौघांत बोलू नका.
गिटारचा तो तुकडा,
ज्याची शपथ घेऊन मी माणसं तोडली,
जो पाळी सुटल्यावर फाटकापाशी सुरू व्हायचा
आणि घराची कडी काढेपर्यंत डोक्यात वाजायचा,
तो घड्याळ लावून मोजला.
एकोणीस सेकंद.
पुन्हा लावला. एकोणीस.
मग उरलेलं
कोण वाजवत होतं इतकी वर्षं?

तिसऱ्या तबकडीच्या लेबलवर बॉलपेनची अक्षरं:
चिलेशे, वुसाकिले.
त्यानं दोनदा विचारलं होतं.
दोन्ही वेळा मी म्हटलं, दिली की तुला, आठव.
तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही,
बोलणंच सोडलं.
त्याला खांदा दिला तेव्हा
ही माझ्या पलंगाखाली होती.
मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणतो.

मागच्या महिन्यात जर्मनीचा एक पोरगा आला होता,
जुन्या रॉक तबकड्या विकत घेत गावोगाव फिरणारा.
पांढरे हातमोजे घालून त्यानं ती उजेडात धरली,
नवजात बाळ धरावं तशी,
आणि सांगितलेला आकडा
माझ्या सहा महिन्यांच्या पेन्शनएवढा.
विकायला माझी नाही, म्हटलं.
हे वाक्य पन्नास वर्षं उशिरा निघालं
आणि भलत्याच माणसापुढे.

आज दुपारी जॅकरांडाखाली निळा सडा,
पत्रा तापून तडतडतोय,
चिलेशेचीच लावली होती.
आणि वीज गेली.
गायकाचा आवाज खाली, खाली, आणखी खाली गेला,
माणसांनी भरलेला पिंजरा
शाफ्टमध्ये उतरावा तसा.
शेवटचा शब्द तळाशी टेकला.

नात म्वापे म्हणाली, संपलं?
आणि तिनं तबकडीवर बोट ठेवून फिरवली.
अँप्लिफायर मेलेला, स्पीकर मुके,
पण सुईच गात होती,
डासाएवढ्या आवाजात, पूर्ण बँडसकट.
मी उजवा कान खाली नेला.
गाणं धापा टाकत होतं, अडखळत होतं,
मग पोरीच्या हाताला वेग आला
आणि कोब्राज पळत सुटले
आयुष्यात पळाले नसतील असे.

हळू, म्हटलं मी.
मग म्हटलं, नको.
फिरव तशीच.