इतिवृत्तात नाही

गुरुवार, संध्याकाळी सहा. स्टोकच्या कौन्सिलमध्ये
कोपऱ्यातलं टेबल माझं. कामं दोन:
इतिवृत्त लिहायचं, आणि दिवे लावायचे.
हिरवा म्हणजे बोला. पिवळा, आवरा. लाल, बसा.
नागरिकाला तीन मिनिटं मिळतात.
तेवढ्यात लोक बहुधा नाव-पत्ता सांगून
कचऱ्याच्या डब्याशी येऊन थांबतात.

विषय क्रमांक सात: रात्रीची बस.
प्रवासी पुरेसे नाहीत, सबब बंद.
(हा 'सबब' माझ्या वडिलांचा.
ते ग्रामसेवक होते. त्यांच्या वहीत
विहीर आटली तरी सर्वानुमते आटायची.)

बोलायला नऊ अर्ज. सगळी पोरं,
सोळा, सतरा, एखादा अठराचा.
शाळेचा प्रकल्प असेल, म्हटलं मी
आणि दिव्याचं बटण पुसून ठेवलं.

पहिली मोनिफा. हातात कागद नाही.
ब्लेझरची बाही कोपरापाशी विरलेली.

"माझी आई तुमच्या कपबश्या खोक्यात भरते,
प्रत्येक कपाला कागद गुंडाळते,
कपाला, बशीला, किटलीच्या झाकणाला,
आणि दहा वाजता सुटते, तेव्हा तिला
गुंडाळायला काही नसतं.
सव्वा तास चालते ती.
कारखाना, कालवा, बंद पडलेला पब, पूल,
आणि पुलाखाली, जिथे दिवाच नाही, तिथे ती"

मी लाल लावला.
माझं कामच ते.
मोनिफा बसली. रागावली नाही,
वाक्य तसंच उघडं ठेवून बसली,
कुणीतरी मागून येणार असल्यासारखी.

रीस उठला. नाव नाही, पत्ता नाही.
"तिथे ती किल्ल्या मुठीत धरते,
बोटांच्या फटींतून टोकं बाहेर काढून.
माझी बहीण पण. मला वाटायचं
बायका अशाच धरत असतील किल्ल्या,
कुलूप लांब असताना"

लाल.

"लांब असताना," म्हणाली इफ्रा,
आणि मी पेन खाली ठेवलं.

आमच्याकडे री ओढणं म्हणजे
साहेब म्हणतील त्याला मान हलवणं.
वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, परक्या गावात,
कळलं मला की तो शब्द मुळात चांगला होता:
एकाचा दम सरतो
तिथून दुसऱ्याने उचलायचं.

अध्यक्षीण बाईंनी माझ्याकडे पाहिलं,
हे नऊ आहेत की एकच? नियम काय सांगतो?
मी पुस्तक उघडलं. सावकाश उघडलं, खोटं कशाला बोलू.
नियमात माणसं मोजली होती,
वाक्यं मोजायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

सत्तावीस मिनिटं एक वाक्य चाललं.
ब्रिंडली साहेबांचा टेबलाखालचा मोबाइल
पाचव्या पोराला विझला.
आठवा अडखळला. अख्खी रांग ओठ हलवत होती,
आवाज न करता त्याला शब्द देत होती.
नववी नुसती "घरी" म्हणाली
आणि उरलेला सगळा वेळ
हिरव्या दिव्याकडे बघत उभी राहिली.

मी लिहिलं:
नऊ नागरिकांनी बससेवेबाबत मते मांडली.
नोंद घेण्यात आली.

बस आली परत. शुक्रवार-शनिवार.
शेवटची नऊ पन्नासला.
दहाला सुटणाऱ्या बाईला
दहा मिनिटांनी हुकवणारी.
छायाचित्र निघालं. ब्रिंडली साहेब दारात,
एक पाय पायरीवर.
पोरांना बोलावलं होतं, ती आली नाहीत.

आज पुढच्या सभेचे अर्ज उघडले.
पाच आहेत. विषयाच्या रकान्यात
प्रत्येकाने एकेकच शब्द लिहिलाय.
अर्धवट म्हणून परत पाठवणार होते मी.
पण आडनावांच्या क्रमाने लावायचे असतात,
माझाच नियम, त्यांनी कुठून काढला कोण जाणे.
लावले. आणि वरून खाली वाचलं:

आई
अजून
चालतच
येते
घरी

दिव्याची तार जरा सैल झालीये.
दुरुस्तीचा अर्ज करायला हवा.
करीन, सभा झाल्यावर.