दहा सेकंद

सातपूरच्या शेडमध्ये वाइंडिंगच्या मशीनवर
माझी एकोणीस वर्षं गेली.
तांब्याची पट्टी, कागद, पट्टी, कागद.
कागदाची जाडी आता डावा अंगठाच सांगतो.

बाकीचे ट्रान्सफॉर्मर कुणालाही कळतात:
तेहतीस हजार घेतो, अकरा हजार देतो,
देणं-घेणं आहे, हिशेब आहे.
हा एक निराळा. वर्षाला चार-पाच नग.
कुणाला काही देत नाही,
त्याला दुसरी बाजूच नाही.

"मग करतो काय?"
टेस्टिंगचे शब्बीर कोकणी चहा खाली ठेवून म्हणाले,
"उभा राहतो."

आणि जॉबकार्डाच्या पाठीवर त्यांनी त्रिकोण काढला.
आर, वाय, बी. तिघी एकमेकींचे हात धरून.
मधोमध बोट ठेवलं: "इथं तार नाही.
जमिनीशी बोलायचं तर कुठून बोलणार?
अशात एक तार जमिनीला टेकली, तर काय होतं?"
मी म्हटलं, धडाका.
"काहीच होत नाही. तेच वाईट.
दिवे चालू, पंखे चालू,
आणि उरलेल्या दोघी जमिनीपासून
पावणेदोन पट ताणलेल्या.
कुठलीतरी केबल आतल्या आत करपत राहते."

मला माझे दोघे भाऊ आठवले,
धाकटा अंथरुणाला टेकला त्या वर्षीचे.
घरात तेव्हाही सगळं चालूच होतं.

म्हणून कोअरच्या प्रत्येक खांबावर
दोन अर्ध्या गुंडाळ्या:
एक आपल्या फेजची,
एक शेजारणीची, उलटी जोडलेली.
रोज तिघी आपापल्या तालात मागेपुढे येतात,
त्यांना इथं वाट मिळत नाही,
दारावर टकटक करून परत जातात.
पण तिघी एकाच पावलावर एकदम आल्या
(म्हणजे कुठंतरी काहीतरी तुटलंय)
की दोन्ही गुंडाळ्या एकमेकींचा जोर खोडतात,
आणि वाट मोकळी,
मधल्या बुशिंगमधून, रेझिस्टन्समधून, थेट खाली.

एकदा माझ्या हातून एक टोक सुलट लागलं.
कोकणींनी मीटर बघितला,
माझ्याकडे बघितलं नाही.
रात्री साडेनऊपर्यंत सोडवत बसले.

खाली आपली नाशिकची जमीन:
वीतभर माती, मग मुरूम, मग काळा दगड,
सहजासहजी काही पोटात घेत नाही.
कोळसा घाला, मीठ घाला,
वैशाखात रोज दोन बादल्या पाणी घाला,
तेव्हा कुठं ओहम खाली येतो.

नेमप्लेटवर शेवटच्या ओळीत ठोकलेलं असतं:
दहा सेकंद.
एवढाच वेळ त्यानं पूर्ण भार सोसायचा.

मुसळगावला गेलेला एक नग
अकरा वर्षं नुसता गुणगुणत होता.
त्याच्या कुंपणाला कुणीतरी ओले टॉवेल वाळत घालायचं,
तेलाच्या टाकीखाली मांजरीनं दोनदा पिल्लं घातली.
मग यंदाच्या संक्रांतीला, अंधार पडताना,
कुणाचा तरी चमकीचा मांजा
तारेवरून खांबाच्या लोखंडावर आडवा पडला.

ऑपरेटर दगू आव्हाड जेवणाचा डबा उघडत होता.
ब्रेकर पडला, त्यानं डबा झाकला,
रजिस्टरात वेळ लिहिली,
लाइनमनला फोन लावला.
पतंगवाल्या पोरांनी वीज गेली म्हणून शिव्या घातल्या.
बस, एवढंच.

कोकणी आता निवृत्त आहेत, वडाळ्याला राहतात.
त्यांना कुठून कोण जाणे, कळलं होतं.
फोनवर म्हणाले,
"गांगुर्डेताई, तुमचा नग बोलला. पाऊण सेकंद."

मी मनातल्या मनात वजाबाकी केली.
म्हणजे आता सव्वानऊच उरले?

ते हसले. "उरण्याबिरण्याचं नसतं हो त्यात.
तासाभरात गार झाला असेल.
पुन्हा पुरते दहा."

मशीनवर पट्टी तशीच अर्धी होती.
मी पायानं पेडल दाबलं.