साठ ओहम

गाडी सुरतेची. डिकीत मिरचीच्या दोन गोण्या.
मालक शिंकतच उतरला:
"मीटर मरी गयं, दादा. पन गाडी चालस."
वीस वर्षं तिकडे काढली, अहिराणी तेवढी शाबूत.

स्कॅनर लावला.
एकच तक्रार, तीन तोंडांनी.
इंजिन म्हणतं मीटर बोलत नाही,
ब्रेक म्हणतो मीटर बोलत नाही,
एअरबॅगचंही तेच रडगाणं.
मीटर काहीच म्हणत नाही,
सुया शून्यावर टेकवून बसलंय.

पोरगा लगेच म्हणाला, मीटर बदलू.
थांब.
सगळे ज्याचं नाव घेतात
त्याच्या अंगावर आधी जायचं नसतं.
आधी वाट बघ.
वाट म्हणजे वायर.

दोन तारा असतात, एकमेकींना पिळलेल्या.
एक वर चढते तेव्हा दुसरी खाली उतरते,
अडीच व्होल्टवर दोघी दम खातात.
बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो
म्हणून तो हिशेबात येत नाही.
पीळ मात्र हवा.
पीळ गेला की शेजारच्या हॉर्नचंही खरं वाटायला लागतं.

बॅटरी काढली. बिडीएवढा वेळ थांबलो.
सहा आणि चौदा नंबरच्या पिनांना टोकं लावली.
साठ यायला हवे होते.
एकशे वीस.
म्हणजे दोन टोकांपैकी एक गेलं.
गेलं म्हणजे असतं कुठेतरी,
इथून मोजता येत नाही एवढंच.

"उंदीर असेल," पोरगा म्हणाला.
मिरचीच्या गाडीत?
बाहेर पथारीवर आख्खं नंदुरबार लाल वाळत पडलेलं,
वारा फिरला की शटरसुद्धा ठसकतं.

डाव्या पायापाशी पत्रा खोलला,
बॅटरी तोंडात धरून आडवा झालो.
पिवळी आणि हिरवी, जोडीने वर जात होत्या.
मग वीतभर काळी टेप.
टेपखाली
सुती दोरा.

तीन फेरे, आणि टोक स्वतःच्याच पोटातून ओढून घेतलेलं.
गाठ कुठेच नाही.

नाना विहिरींच्या मोटारी भरायचे,
तांब्याच्या गुंडाळीवर फीत अशीच बांधायचे.
"गाठ दिसनी म्हंजे काम कच्चं," म्हणायचे.
हे तिघांना येत होतं.
आता दोघांना.

हिलाल अकरा वर्षांपूर्वी ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने गेला,
चांगली सोल्डरगन घेऊन.
सोल्डरगनवरूनच झालं,
असं मी लोकांना सांगतो.

सोल्डर झकास होतं त्याचं. अजून चमकत होतं एका तारेवर.
दुसरीवर काचेतून झिरपलेलं पाणी बसलं होतं,
हिरवी बुरशी आणि आत नुसती भुकटी.
आणि वीतभर दोन्ही तारा
शेजारी शेजारी, सरळ.
पिळायचं राहून गेलेलं.
त्याचं नेहमीच राहायचं. नाना त्यावरूनच ओरडायचे,
आणि मग मीही.

मालक वाकून बघत होता.
"हाई काम कोनी करं व्हतं? वाया घाली दिधं ना?"
"काम चांगलं शे," मी म्हणालो. "पानी गयं मझार."

कुजलेलं कापलं, नव्या तारा टाकल्या,
बोटांनी पीळ घातला, नखाएवढ्या अंतराने.
रबरी नळी चढवली, गरम केली.
एवढ्यावर भागतं. कंपनीचं पुस्तकही एवढंच सांगतं.
मी दोरा मागितला.
पोरगा बघतच राहिला, कसला दोरा?
पोत्याचा. गोणी शिवलीय ना, त्यातलाच दे.
तीन फेरे. टोक पोटातून.
डोळ्यांत मिरची गेली असावी.

साठ पॉइंट दोन.
चालतं.

चावी फिरवली.
सुया एकदम शेवटापर्यंत जाऊन परत आल्या,
झोपेतून उठलेलं माणूस हात ताणतं तशा.
मालक खूश. उधन्यात कुणी एक जण आहे म्हणाला,
हात चांगला, पण बोलत नाही फारसा.
मी पत्ता विचारला नाही.
पैसे मोजले, दोनशे परत दिले.

"पुन्हा असं झालं तर त्यालाच दाखवा," म्हणालो.
"आणि टेप तुम्ही काढू नका.
त्यालाच काढू द्या."