होकार

गुरुवारी सकाळी सव्वासातला येते ती.
चहा अजून उकळायचा असतो.
'अरुंधती, लोकर तीस टक्के स्वस्त!
अरुंधती, विसरलात का आम्हाला?'
सोमवारी पुन्हा. शनिवारी शेवटची संधी म्हणून.
गेल्या वर्षातल्या शेवटच्या संधी
मी मोजल्या : एकेचाळीस.

लेक म्हणते, आई, स्पॅम आहे, दाब ते बटण.
मी म्हणते, स्पॅम कसं? पत्ता मीच दिला होता.

हडर्सफील्डमधला आमचा पहिला जानेवारी.
पाऊस नाही, बर्फ नाही, मधलंच काहीतरी पडत होतं
आणि मी लोकरीच्या दुकानात शिरले
ते खरं तर हात शेकायला.
मिसेस ओल्डरॉइडने रेघांची वही पुढे ओढली,
पेन्सिलीला जीभ लावली :
'सांग बाई, एकेक अक्षर. घाई नाही.'
ए, आर, यू... घारपुरेपर्यंत पोचेतो
हीटरपाशी माझे मोजे वाळले.
या गावात माझं नाव पुरतं लिहिणारी ती पहिली.

तिच्या मेल यायच्या वर्षाकाठी चार-पाच.
'मोहरीच्या रंगाची आलीये, तू विचारत होतीस.'
जाहिरातच की तीही. पण मी वाट बघायचे.

आता मुलगा बघतो दुकान.
पाठवणाऱ्याचं नाव तेच, पत्ता तोच,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत : 'आपण संमती दिली आहे म्हणून.'
दिली आहे. नाकारत नाही.
पण एकदा दिलेला होकार किती वर्षं पुरवायचा?
एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई,
तिसऱ्या दिवसाचंही सांगून ठेवलंय आपल्याकडे;
अकराव्या वर्षाचं काही नाही.
आणि बोलावलेल्याला चोर म्हणायचं
तर दार उघडणारीला काय म्हणायचं?

मंगळवारी दाबलं बटण.
रात्री उठून त्या खोक्यात डोकावले :
लॉटरी, वजन घटवायच्या गोळ्या,
कुणा राजपुत्राची पैशांची अडचण,
आणि या सगळ्यांत अंग चोरून
दुकानाचं ते कोकराचं चित्र.
परत आणलं. लेकीला सांगितलं नाही.

शनिवारी सरळ दुकानातच गेले.
म्हटलं, महिन्यातून एकदा पाठवा, चालेल मला.
क्रेग म्हणाला, सिस्टिममध्ये तसं नसतं.
एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही.

खिडकीशी ती बसलेली,
गुडघ्यांवर चौकड्यांचं पांघरूण,
सुया चालू, बघणं भलतीकडेच.
मला म्हणाली, 'नवीन का गं तू इथे?
क्रेग, वही कुठे ठेवलीस?
सांग बाई, एकेक अक्षर.'

ए, म्हटलं मी.
क्रेगने स्क्रीनवरून मान उचलली.
आर.
तो खणात पेन्सिल शोधू लागला.