डावीकडून तिसरा

डिसेंबर लागला की लष्करात दोन गोष्टी येतात,
गजक आणि काकाचा फोटो.
लष्कर म्हणजे आमचा ग्वाल्हेरचा भाग.
फौजेला आम्ही फौजच म्हणतो.

फोटो तुम्हीही पाहिला असेल,
कॅलेंडरवर, बँकेच्या भिंतीवर, सातवीच्या पुस्तकात.
चिखलात रुतलेला ट्रक, पाच जवान,
मागे धूर की धुकं ते छपाईवर अवलंबून.
डावीकडून तिसऱ्याचा हात वर, तोंड उघडं.
खाली लिहिलेलं असतं : विजयाचा जल्लोष.
नाव नसतं.

नाव हैबत काटकर.
राहणार कंपू, नळापासून चौथं घर.
परत आल्यावर बिर्लानगरच्या मिलमध्ये टाइमकीपर.
मिल बंद पडली त्या दिवशी
हजेरीच्या रजिस्टरला नवं कव्हर घालून घरी आलेला.

हात कशाला वर केला होतास, विचारलं
तर म्हणायचा, "बर्र होती रे."
आमच्या मराठीत गांधीलमाशी नसते,
बर्र असते, ती सरळ हिंदीतून येऊन चावते.
आम्ही पोरं लोळायचो हसून :
अख्खा देश एका बर्रेला सलाम ठोकतोय!
मित्रांना तो सांगायचा, काडेपेटी मागत होतो.
काकूला काय सांगितलं, माहीत नाही.
ती घरभर धूळ पुसायची,
फोटोची पुसायची नाही.

एका वर्षी नगर निगमनं फूलबागेजवळ
फ्लेक्स लावला, दुमजली.
वरच्या कडेवर, काकाच्या बोटांशी,
कबुतरं येऊन बसायची.
जानेवारीत तोच फ्लेक्स दौलतगंजात
गजकवाल्याच्या गाडीवर छप्पर झालेला.
काकानं त्याच्याखाली उभं राहून पाव किलो घेतली,
गुळाची, पातळ,
आणि स्वतःच्याच उघड्या तोंडाखाली
सुट्ट्या दोन रुपयांवरून हुज्जत घातली.
"सुना है, अपने ही शहर के हैं,"
गजकवाला छपराकडे बोट करून म्हणाला.
"होंगे," काका म्हणाला.

घरातला फोटो मात्र पोस्टानं आलेला,
काढणाऱ्यानंच पाठवलेला, न कापलेला,
छापतात त्याहून दोन बोटं रुंद.
खिळ्यावरून तो काकाच काढायचा,
चौकटीतून सोडवून हातात धरायचा,
अंगठा दर वेळी एकाच जागी,
खाली, उजव्या कोपऱ्यात.
मला वाटायचं, धरायची सवय.
रजिस्टरही तो तसंच धरायचा.

गेल्या मार्चमध्ये काका गेला.
तिसऱ्या दिवशी पेपरातली मुलगी आली,
तिला मूळ फोटो हवा होता.
काकू म्हणाली, "काढ."
मी तो पहिल्यांदा एकटा धरला, दारात, उजेडात.
ट्रकचा नंबर वाचता येतो.
दुसऱ्याचे डोळे मिटलेले.
काकाच्या शर्टाचं एक बटण नाही.
आणि तो कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये,
हाताकडे नाही, आभाळाकडे तर नाहीच.
बघतोय खाली, उजवीकडे,
त्या कोपऱ्याकडे.

तिथं कागद पांढरा.
पन्नास वर्षांच्या अंगठ्यानं
जुन्या रेशनकार्डासारखा मऊ झालेला.
कडेला एक काळसर रेघ उरलीय,
पट्ट्याची असेल,
दोरीची असेल,
नुसत्या चिखलाचीही असेल.

मुलगी मोबाईल सरसावून म्हणाली,
"अंकल, कोना खराब है. काट दें?"

काकू आतून म्हणाली,
"कापा म्हणावं. रोज ते तेवढंच तर करत होते."

मुलीला मराठी येत नव्हतं.
ती माझ्याकडे बघत थांबली.